बॉयलर बदला म्हणाले होते, हवा भरून चालू झाला

इंग्लंडमध्ये, स्लाऊमधल्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या कपाटात कॉम्बी बॉयलर आहे. रेडिएटर तापवणं आणि नळाला गरम पाणी देणं, दोन्ही कामं तो एकटाच करतो. माळ्यावर टाकी वगैरे काही नाही. त्यामुळे तो बंद पडला की घर गार आणि आंघोळीचं पाणीही गार. यंदा जानेवारीत, नेमक्या सासूबाई नाशिकहून आलेल्या असताना, तो बंद पडला. हा रिव्ह्यू ज्यांनी तो दुरुस्त केला त्यांच्याबद्दल आहे. त्यांचं नाव इथे टाकत नाहीये, कारण त्यांनीच तशी विनंती केली. एकट्याचा धंदा आहे, थंडीत जुन्या गिऱ्हाईकांनाच ते पुरे पडत नाहीत. पण असा माणूस मला कसा सापडला आणि त्यांनी नेमकं काय केलं ते सविस्तर लिहिते. गेल्या महिन्यात मला अशी माहिती मराठीत हवी होती आणि कुठे मिळाली नाही.

डिसेंबरपासून बॉयलरचं प्रेशर, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब, उतरत होतं. सिस्टिम गार असताना प्रेशरचा काटा १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) मध्ये असावा लागतो. आमचा दर चार-पाच दिवसांनी अर्ध्याच्या खाली यायचा. बॉयलरखाली विणलेल्या तारेची एक छोटी नळी असते. तिचे कॉक उघडले की मेन लाइनचं पाणी आत येतं आणि काटा वर चढतो. नवरा तेवढं करायचा आणि आम्ही कामाला लागायचो. नाताळात हे दर दोन दिवसांनी करावं लागायला लागलं, जानेवारी उजाडला तसं रोज सकाळी. मग एका रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला आणि पहाटे बॉयलरने मान टाकली. सकाळी उठलो तर थर्मोस्टॅटवर ११ अंश. खोबरेल तेलाच्या बाटलीचा दगड झालेला. लेकाला गणवेशाखाली दोन बनियन घालून शाळेत पाठवलं. सासूबाई शाल, कानटोपी आणि नवऱ्याचे लोकरी मोजे घालून किटलीपाशी उभ्या. "मला काही होत नाही गं," म्हणत होत्या, पण बोटं निळसर पडली होती. विजेचा हीटर शेजारून मागून आणला, पण इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं, म्हणून तो फक्त त्यांच्या खोलीत लावला.

त्याच दिवशी इंटरनेटवर सगळ्यात वर दिसलेल्या एका कंपनीला फोन केला. माणूस दुपारी आला. गणवेश स्वच्छ, बोलणं नम्र, खिशाला ओळखपत्र. तपासणीचे ९५ पौंड आधीच कार्डवर घेतले होते. त्याने कपाट उघडलं, बॉयलरवरचा स्टिकर वाचला, काटा पाहिला आणि विचारलं, "किती वर्षांचा?" मी म्हटलं, नऊ. रेडिएटरच्या कडांवरून हात फिरवून आला. बॉयलरचं झाकण त्याने काढलं नाही. वीस मिनिटांत टॅबलेट माझ्यापुढे धरला: नवीन बॉयलर, बसवण्यासकट ३,२४० पौंड, आज सही केलीत तर २०० पौंड सूट. दुरुस्ती होणार नाही का, असं विचारलं तर म्हणाला, आतून कुठेतरी गळत असणार, एवढ्या जुन्या यंत्रावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

सासूबाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच सांगितलं, "त्याला विचार ना, ती बाहेरची तांब्याची नळी कसली आहे? पाऊस नसतानाही तिच्याखाली रोज ओलं असतं. आज तर बर्फाची चकती झालीय." मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो जागचा हलला नाही. बाहेर थंडी असली की असं होतंच, एवढंच म्हणाला. मी सही केली नाही. खरं सांगते, करणार होते. घरात म्हातारं माणूस गारठतंय आणि समोरचा म्हणतो परवा नवीन बसवून देतो, तेव्हा तीन हजारांचं कर्ज काढायलाही मन तयार होतं. पण ती बर्फाची चकती डोक्यातून जाईना.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. त्या माणसाचं ओळखपत्र खरं होतं, मी नंतर तपासलं. या देशात गॅसच्या कामाला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टर या अधिकृत यादीवर असावाच लागतो, तो कायदा आहे. २००९ च्या एप्रिलपर्यंत ही नोंदणी कॉर्गी नावाच्या संस्थेकडे होती, त्यामुळे जुने लोक अजून 'कॉर्गीवाला' म्हणतात. कार्डावर फोटो, मुदत आणि सात आकडी लायसन्स नंबर असतो. कार्डाच्या मागच्या बाजूला तो कुठलं काम करू शकतो ते लिहिलेलं असतं: बॉयलर, कुकर, फायर (गॅसची शेकोटी). ती मागची बाजू कुणी बघत नाही आणि महत्त्वाची तीच आहे. पण कार्ड एवढंच सांगतं की हा माणूस तुमचं घर उडवून देणार नाही. तो तुमच्याशी प्रामाणिक वागेल का, हे कार्ड सांगत नाही. ते मला दुसऱ्या रस्त्याने शोधावं लागलं.

रात्री आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला. तासाभरात सात नावं आली. मराठी माणूस अडला की ग्रुप धावून येतो, त्याबद्दल सगळ्यांची मी ऋणी आहे. पण प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: "त्याने तुमच्याकडे काय दुरुस्त केलं?" चौघांचं उत्तर होतं, "नवीन बॉयलर बसवला, छान बसवला." बसवणारा चांगला असणं वेगळं आणि दुरुस्त करणारा चांगला असणं वेगळं. आपल्याकडे नवा पंखा लावणारे पुष्कळ असतात, जुन्याचं वाइंडिंग करणारा गावात एखादाच असतो, तसंच. उरलेल्या तिघांपैकी एकाचं नाव रजिस्टरवर मिळालं नाही, ते तिथेच खोडलं. आठवं नाव शेजारच्या आजींनी दिलं. त्यांचा बॉयलर आमच्यापेक्षाही जुना, आणि हा माणूस अकरा वर्षं दर उन्हाळ्यात तो उघडून साफ करून जातो.

शनिवारी सकाळी तिघांनाही फोन केले. तिघांना शब्दशः सारखंच सांगितलं: प्रेशर रोज उतरतंय, आता बॉयलर लागत नाही. पहिला म्हणाला, गळती बंद करणारं केमिकल टाकू, १८० पौंड. दुसऱ्याने बॉयलर किती जुना ते विचारलं आणि लगेच नव्याचा भाव सांगितला. आजींचे इंजिनिअर मात्र उलट मलाच विचारायला लागले. हीटिंग चालू असताना काटा वर जातो का? किती वर? पाणी शेवटचं कधी भरलं? कुठल्या रेडिएटरखाली, गालिच्याखाली ओल आहे का? आणि मग, "घराबाहेर भिंतीतून एक तांब्याची नळी निघून परत भिंतीकडे वळलेली आहे का? तिचं तोंड ओलं आहे का?"

माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी आदल्या दिवशी बोट दाखवलं होतं ते तिथेच.

ते म्हणाले, मला मंगळवारपर्यंत येता येणार नाही, पण तोवर पैसे न घालवता एक गोष्ट करून बघा. पाणी भरून काटा १.२ वर आणा, बॉयलर चालू होईल. त्या नळीच्या तोंडाला सँडविचची प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून बांधा. हीटिंग दोन तास चालवा आणि काटा कुठवर जातो ते लिहून ठेवा. पिशवीत पाणी साठलं तर फोटो पाठवा. आम्ही तसंच केलं. घर तापायला लागलं तसा काटा १.२ वरून २ वर, अडीचवर आणि पाऊण तासात ३ च्या लाल पट्ट्याला टेकला. बाहेर जाऊन पाहिलं तर पिशवीत गरम पाणी, वर वाफ धरलेली. फोटो पाठवला. त्यांचा निरोप आला: "बॉयलर बदलू नका. मंगळवारी येतो. तोवर हीटिंग थोडा थोडा वेळ चालवा आणि रोज काटा बघा." त्या एका ओळीने आमच्या जिवात जीव आला. अजून त्यांनी आमच्याकडून एक पेनी घेतली नव्हती.

मंगळवारी आले ते साठीकडे झुकलेले गृहस्थ. बूट दारात काढून ठेवले, स्वयंपाकघरात जाड कापड अंथरलं आणि मी मागायच्या आत कार्ड पुढे करून दोन्ही बाजू दाखवल्या. मग आधी पाचेक मिनिटं नुसतं समजावून सांगितलं. सासूबाईंना कळावं म्हणून मी शेजारी उभी राहून मराठीत सांगत होते. पाणी तापलं की फुगतं. आमच्या रेडिएटर-पाइपांत मिळून साधारण शंभर लिटर पाणी आहे, ते गारचं कडकडीत होईपर्यंत दोनेक लिटरने वाढतं. सासूबाई म्हणाल्या, "मग आपल्या बंबाला कसं चालतं?" बंबाला वर तोंड उघडं असतं, वाढलेलं पाणी तोटीतून बाहेर येतं. इथे सगळं बंद. म्हणून बॉयलरमध्ये एक चपटी टाकी असते. तिच्यात मधोमध रबराचा पडदा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा. पाणी फुगलं की हवा दबते आणि प्रेशर फार वाढत नाही. आमच्या टाकीतली हवा वर्षानुवर्षांत निघून गेली होती. मग फुगलेलं पाणी जाणार कुठे? प्रेशर ३ बारला पोचलं की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी त्या तांब्याच्या नळीने बाहेर. रात्री सिस्टिम गार झाली की आत पाणी कमी, काटा खाली. सकाळी आम्ही पुन्हा नवं पाणी भरायचो. गळती कुठेच नव्हती.

नवं पाणी भरणंही वाईटच, हे त्यांनी फार कळकळीने सांगितलं. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, रेडिएटरना आतून गंज चढतो, त्याचा काळा चिखल होतो. शिवाय आमच्याकडचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरतो तसा थर आतही धरतो. महिनाभर आम्ही हेच करत होतो.

मग त्यांनी झाकण काढलं. टाकीवर एक टोपी होती, ती काढली तर आत सायकलच्या ट्यूबसारखा, नव्हे मोटारीच्या चाकासारखा, छोटा व्हॉल्व्ह. मला म्हणाले, "बोट इथे धरा." स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्यांनी मधली पिन दाबली. बोटाला अगदी बारीक, विझत गेलेल्या फुंकरीइतकी हवा लागली. बोट कोरडं. "इथून पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला असता आणि टाकी बदलावी लागली असती. बोट कोरडं आहे, म्हणजे पडदा शाबूत आहे." हे ते नुसतं सांगू शकले असते. मी विश्वासही ठेवला असता. पण त्यांनी माझं बोट तिथे ठेवलं.

सिस्टिमचं पाणी सोडून काटा शून्यावर आणला, कारण पाण्याचा दाब असताना हवा भरली तर आकडा खोटा येतो. मग गाडीतून पायाने दाबायचा साधा पंप आणला. फुस्स, फुस्स. लेक शाळेतून आला होता, त्याला दहा-बारा वेळा पाय मारू दिला. टाकीत १ बार हवा भरली, पुन्हा पिन दाबून दाखवली: आता शिट्टीसारखा आवाज. पाणी भरलं, बॉयलर लावला आणि ते चक्क अर्धा तास खुर्ची घेऊन काट्यापुढे बसले. १.२ वरून १.६ वर जाऊन काटा थांबला. रेडिएटर हात लावू न देण्याइतके गरम, आणि काटा १.६ ला.

पण नळीतून अजून थेंब येत होता. सेफ्टी व्हॉल्व्ह महिनाभर रोज उघडझाप करत होता, त्याच्या तोंडाशी कचरा अडकला की तो पुन्हा नीट बसत नाही. हे त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं, म्हणून धक्का बसला नाही. व्हॉल्व्ह गाडीत नव्हता. दोन दिवसांनी तो घेऊन आले आणि पाऊण तासात बदलला. योगायोगाने तो संक्रांतीचा दिवस होता. सासूबाईंनी तिळाची वडी हातावर ठेवली, अर्थ विचारल्यावर मी सांगितला, तर म्हणाले, दोन वड्या बायकोसाठी न्यायला चालतील का?

हिशोब असा झाला: पहिल्या दिवशीचे ८०, दुसऱ्या दिवशीच्या कामाचे ४५, व्हॉल्व्हचे २८. एकूण १५३ पौंड. एकट्याचा छोटा धंदा असल्याने व्हॅट नाही. जुना व्हॉल्व्ह पिशवीत घालून माझ्या हातात दिला, "हा तुमचा आहे," म्हणाले.

न सांगता केलेली आणखी दोन कामं लिहिते, कारण त्यांचे पैसे त्यांनी लावले नाहीत. झाकण काढलेलंच आहे म्हणून त्यांनी धुराड्याच्या वायूची तपासणी केली. यंत्र कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडशी गुणोत्तर मोजतं. ०.००४ च्या वर गेलं तर काम थांबवून बघावं लागतं, आमचं ०.००१ च्या आसपास होतं. आकडा कागदावर छापून दिला. मग कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागितला. उलटा करून मागची तारीख दाखवली, मुदत संपून गेली होती. बटण दाबलं की वाजतो, पण आतला सेन्सर म्हातारा झालेला असतो. नवीन त्यांच्याकडून घ्या म्हणाले नाहीत. दुकानात वीसेक पौंडाला मिळतो, आजच आणा, म्हणाले. नवऱ्याने तासाभरात आणला. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने आपल्याकडे माणसं जातात ती याच वायूने. सासूबाईंनी ते ऐकल्याबरोबर नाशिकला दिराला फोन लावला आणि बाथरूमच्या खिडकीला लावलेला पुठ्ठा काढायला सांगितलं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते.

दुसरं, रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५ वर होतं, ते त्यांनी ६० वर आणलं. आमचा कंडेन्सिंग बॉयलर आहे, इंग्लंडमध्ये २००५ पासून नवे बॉयलर तसेच बसतात. तो धुरातली उष्णता परत मिळवतो, पण परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच ते नीट जमतं. घर तापायला थोडा जास्त वेळ लागतो हे खरं. सासूबाई असेपर्यंत आम्ही पहाटे अर्धा तास आधी लावायचो.

आता जे आवडलं नाही ते. दिवसा फोन उचलत नाहीत. संध्याकाळी सहानंतरच बोलणं होतं. म्हणजे घरात तान्हं मूल असेल आणि आजच्या आज माणूस हवा असेल तर त्यांचा उपयोग नाही. गॅसचा वास आला तर अर्थातच कुठल्याच इंजिनिअरची वाट बघू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा, तो नंबर चोवीस तास चालतो. व्हॉल्व्ह लागणार हे फोटोवरून त्यांना दिसत होतं, तर तो पहिल्याच दिवशी आणायला हवा होता, असं माझं मत आहे. त्यामुळे आम्हाला आणखी दोन दिवस पिशवी बांधावी लागली. बिल हाताने लिहिलेलं आणि चार दिवसांनी आलं. नवं यंत्र, रंगीत अहवाल, अॅपवर ट्रॅकिंग ज्यांना हवं आहे त्यांना हे चालणार नाही.

मला चालतं. काम झाल्यावर त्यांनी सांगितलं होतं, आठ दिवस रोज सकाळी हीटिंग लावायच्या आधी काट्याचा फोटो पाठवा. मी पाठवत गेले. आठही फोटोंत काटा १.२ वर आहे. आठव्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, "आता पाठवू नका." तेव्हापासून ती विणलेली नळी आम्ही उघडलेली नाही, आणि मागच्या दाराबाहेरची फरशी कोरडी आहे. नाशिकला परत जायच्या दिवशी सकाळी सासूबाई ती बघून आल्या.

बॉयलर अजून किती वर्षं चालेल, हेही मी त्यांना सरळ विचारलं. म्हणाले, शब्द देत नाही. दरवर्षी साफ केला तर आणखी चार-पाच वर्षं अशक्य नाहीत, आणि बदलायची वेळ येईल तेव्हा हीट पंपाचाही (बाहेरची उष्णता आत आणणारं विजेवरचं यंत्र) विचार करा, इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याला सरकार ७,५०० पौंड देतं, पण ते काम माझं नाही, त्यातला माणूस वेगळा बघा. आमच्या पाइपातला गंज धरून ठेवायला चुंबकाचा फिल्टर बसवायला हवा, हे त्यांनी सांगितलंय. मी लगेच बसवा म्हटलं तर नको म्हणाले: आत्ता अर्ध्या गावाचं हीटिंग बंद आहे, तुमचं चालू आहे. मे महिन्यातली तारीख दिली आहे.